गाठ साधी, पण शिरेत शिरलेली: किडनी राखून ऑपरेशन करून घेताना

आमच्या वहिनींच्या किडनीतली गाठ सापडली ती पित्ताचे खडे शोधताना. जेवल्यावर पोट गच्च होतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण उजव्या किडनीत पांढरीशुभ्र गाठ होती. चार दिवसांनी सीटी झाला आणि दादाने रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ७.२ सेंटिमीटरची, चरबी असलेली गाठ, अँजिओमायोलिपोमा वाटतो. गाठीचं टोक किडनीच्या शिरेतून पुढे मोठ्या शिरेत (पोटातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या) दीड सेंटिमीटर गेलेलं. खाली दादाने लिहिलं होतं, "डॉक्टर म्हणतात, शिरेत गेलंय म्हणजे कॅन्सरच. गुरुवारी अख्खी किडनी काढायची. पैसे भरू का?"

भरू नकोस, म्हटलं. आधी सीडी घेऊन ये.

मी पुण्यात युरोलॉजीच्या ऑपरेशन थिएटरात १९ वर्षं सिस्टर आहे. डॉक्टर नाही, निदान करणं, ऑपरेशन ठरवणं माझं काम नाही. पण सर्जनच्या हातात कोणतं हत्यार कधी द्यायचं हे ज्याला कळावं लागतं त्याला पुढे काय होणार हेही बरंचसं कळतं. अशी चरबीची गाठ शिरेत शिरलेली मी तोवर दोनदाच पाहिली होती. तिसरी घरातच निघाली. त्या दोन महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि आता कुणी विचारलं तर मी काय सांगते, ते इथे लिहिते आहे.

आधी गाठ कुठल्या जातीची ते पक्कं करा

अँजिओमायोलिपोमा या लांबलचक नावात रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी असे तीन पदार्थ आहेत. या तिन्हींची मिळून झालेली ही गाठ, आणि बहुतेक वेळा ती साधी असते, कॅन्सरची नसते. बायकांमध्ये जास्त, साधारण चाळिशी-पन्नाशीत. थिएटरात आम्ही तिला नुसतं 'एएमएल' म्हणतो. (याच तीन अक्षरांचा रक्ताचा एक कॅन्सर आहे. दादाने रात्री गूगलवर तो वाचला आणि घरात रडारड झाली. तेव्हा ही अक्षरं घालून शोधू नका.)

सोनोग्राफीत चरबी पांढरी चमकते. पण सोनोग्राफीवर विसंबून कुणी ऑपरेशन ठरवत नाही, कारण काही कॅन्सरच्या गाठीही पांढऱ्या दिसतात. खरी ओळख सीटीवर पटते. सीटीचं मशीन प्रत्येक ठिपक्याची घनता आकड्यात मोजतं. पाण्याला ०. चरबी त्याच्या खाली, उण्यात. गाठीत उणे १० च्या खालचे आकडे निघाले तर आत चरबी आहे, आणि किडनीच्या गाठीत चरबी म्हणजे बहुतेक करून एएमएल.

हे तुम्हाला स्वतःलाही पाहता येतं. रेडिओलॉजिस्टसमोर बसा आणि म्हणा, पोटाच्या कातडीखालची चरबी कुठली ते दाखवा. पडद्यावर पोटाच्या कडेने काळपट पट्टा दिसेल. मग गाठीतला काळपट भाग बघा आणि शेवटी शिरेतला. वहिनींच्या सीटीत तिन्ही एकाच रंगाचे होते. राखाडी शिरेच्या मधोमध ती काळी जीभ एवढी स्पष्ट होती की दादालाही दिसली. "म्हणजे गाठ तीच, फक्त दाराबाहेर आलीय," तो म्हणाला. याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

तरी दोन सावधगिऱ्या. काही एएमएलमध्ये चरबी इतकी कमी असते की सीटीत ती दिसतच नाही. अशा वेळी एमआरआय किंवा सुईने तुकडा काढून तपासणी लागते. आणि 'एपिथेलॉइड' नावाचा एएमएलचा एक प्रकार आहे, तो मात्र कॅन्सरसारखा वागू शकतो. क्वचित एखाद्या कॅन्सरमध्येही चरबी सापडते, विशेषतः सोबत चुन्याचे कण दिसत असतील तर जास्त सावध राहायचं. म्हणून "चरबी आहे, चला सुटलो" असंही करू नका. ज्याने किडनीचे शेकडो सीटी वाचलेत अशा रेडिओलॉजिस्टकडून सीडी दुसऱ्यांदा वाचून घ्या. छापील फिल्म नव्हे, सीडी. फिल्मवर आकडे मोजता येत नाहीत.

साधी गाठ शिरेत शिरते कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या सर्जन सरांनी सांगितलं, ही गाठ मुळात वाहिन्यांच्या भिंतीच्याच पेशींची, तिला शीर परकी नाही. जिकडे मऊ वाट मिळते तिकडे वाढते. गर्भाशयाच्या साध्या फायब्रॉइडचंही क्वचित असं होतं. तेव्हा नुसतं शिरेत जाणं हा कॅन्सरचा पुरावा नाही. उजवीकडे हे जास्त आढळतं. उजव्या किडनीची शीर असते जेमतेम दोन-चार सेंटिमीटर, डावीची सहा ते दहा. उजवीकडच्या गाठीला मोठ्या शिरेपर्यंत पोचायला दोन पावलंच पुरतात.

'थ्रॉम्बस' या शब्दाने आमचा घात केला

रिपोर्टात शिरेतल्या त्या जिभेला 'थ्रॉम्बस' लिहिलेलं असतं. थ्रॉम्बस म्हणजे गुठळी, हे आता सगळ्यांना माहीत आहे. गावाकडच्या एका डॉक्टरांनी तेवढा एक शब्द वाचला आणि वहिनींना रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या. मला हे कळलं आठ दिवसांनी, तेही गोळ्यांचं पाकीट ओट्यावर दिसलं म्हणून.

शिरेतली ती चीज रक्ताची नव्हे, चरबीची. रक्त पातळ केल्याने ती विरघळत नाही. उलट या गाठीतल्या वाहिन्या कच्च्या भिंतीच्या असतात, फुगे आल्यासारख्या; तिथे रक्तस्राव झाला तर तो थांबणार कसा? सरांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. आता याचा अर्थ तुमच्या गोळ्या तुम्ही आपल्या मनाने बंद कराव्यात असा नाही. काही पेशंटना चरबीच्या टोकाला खरोखर रक्ताची गुठळीही चिकटलेली असते, कुणाला हृदयासाठी त्या गोळ्या चालू असतात. फक्त युरोलॉजिस्टला पहिल्या भेटीत विचारा: शिरेत आहे ते रक्त की गाठ? आणि घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, भस्म, पुडी पिशवीत घालून सोबत न्या.

वाट पाहण्याच्या काळात कुशीला मालीश नको. आमच्या शेजारच्या काकूंनी एरंडेल चोळून गाठ विरघळते असं सांगितलं होतं. या गाठीवर दाब द्यायचाच नाही. आणि दोन गोष्टी झाल्या तर रात्री-अपरात्री निघायचं. एक, कुशीत अचानक जोराची कळ, सोबत चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक पडणं किंवा लघवी लाल होणं: गाठ फुटून आत रक्त वाहतंय. दुसरं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं: शिरेतला तुकडा सुटून फुप्फुसाकडे गेलेला असू शकतो. जवळच्या दहा खाटांच्या दवाखान्यात आधी जाऊन वेळ घालवू नका. जिथे कॅथ लॅब आहे आणि वाहिनीतून तार घालून रक्तस्राव बंद करणारा माणूस आहे अशा ठिकाणी जा. तो नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. दादाच्या फोनमध्ये तो 'अ अ किडनी' या नावाने होता, म्हणजे यादीत सगळ्यात वर.

"एका किडनीवर माणूस जगतो की"

हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील, त्यातले दोन डॉक्टर असतील. खोटं नाही ते. पण किडनी दान करणारा माणूस आधी चाळणीतून गाळून घेतलेला असतो: बीपी नाही, साखर नाही, दोन्ही किडन्या ठणठणीत. आमच्या वहिनी ४९ वर्षांच्या, बीपीची गोळी चार वर्षं चालू, वडील डायबेटिसने गेलेले. अशा बाईची एक चांगली किडनी आज गाठीसोबत टाकून दिली आणि पंधरा वर्षांनी दुसरी थकली, तर आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला नेणार कोण? गाठ कॅन्सरची असती तर हा हिशोब वेगळा झाला असता. साध्या गाठीसाठी चांगली किडनी देणं मला पटत नाही, आणि आमच्या सरांनाही पटत नाही.

मग नुसतं लक्ष ठेवून चालेल का? शिरेत न गेलेल्या छोट्या एएमएलचं तेच करतात, वर्षातून एक सोनोग्राफी. पूर्वी चार सेंटिमीटरची रेघ धरायचे, त्यापुढे गेली की काहीतरी करायचं. हल्ली गाठीतल्या वाहिनीचा फुगा पाच मिलिमीटरच्या वर आहे का, बाई तरुण आहे का, पुढे बाळंतपण व्हायचंय का, हेही बघतात, कारण गरोदरपणात या गाठी वाढून फुटायची भीती जास्त. पण टोक शिरेत असेल तर ते पुढे सरकण्याचा, तुटण्याचा धोका असतो, म्हणून झेपणाऱ्या माणसाला ऑपरेशनच सुचवतात. एम्बोलायझेशन म्हणजे तारेने गाठीची रक्तवाहिनी बंद करणं. फुटलेल्या गाठीत ते जीव वाचवतं, पण शिरेतली जीभ त्याने बाहेर येत नाही.

एक वेगळी जात मात्र लक्षात ठेवा. दोन्ही किडन्यांत बऱ्याच गाठी असतील, नाका-गालांवर लहानपणापासून बारीक लालसर पुटकुळ्या असतील, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतील किंवा घरात कुणाला फिट येत असेल, तर ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. त्यात एव्हरोलिमस नावाच्या गोळीने गाठी लहान होतात, तोंड येतं पण चाकू टळू शकतो. वहिनींच्या बाबतीत सरांनी पहिल्यांदा चष्मा काढून चेहरा न्याहाळला, मग हातपाय. वहिनी लाजून चूर. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वन्सं, किडनी दाखवायला आलो आणि हे गाल काय बघतायत?"

सर्जनला काय विचारायचं

"किडनी वाचेल का?" असं विचारू नका. त्याला "प्रयत्न करू" असंच उत्तर येतं. आम्ही हे विचारलं:

टोक नक्की कुठे आहे? किडनीच्याच शिरेत, मोठ्या शिरेत दोन सेंटिमीटरच्या आत, यकृताखाली, यकृतामागे की त्याच्याही वर? यावर सगळं ठरतं. यकृताच्या वर टोक गेलं तर यकृताचे आणि हृदयाचे सर्जन लागतात, ते गाव वेगळं.

शिरेत गेलेल्या गाठींची ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, आणि अर्धी किडनी राखून किती करता? पहिली संख्या कॅन्सरच्या गाठींची असली तरी चालेल. चरबीच्या अशा गाठी फार दुर्मीळ असतात, त्यांचे दहा पेशंट कुणाकडेच नसतात. पण जो सर्जन मोठी शीर उघडून शिवतो आणि एरवी किडनी राखूनही गाठी काढतो, त्याच्या हातात दोन्ही कला आहेत. आपल्याला दोन्ही एका माणसात हव्यात, किंवा एका टेबलाशी उभ्या असलेल्या दोघांत. सोबतीला व्हॅस्क्युलर सर्जन असेल का, हेही विचारा.

उरणारा भाग किती, आणि त्याला काम करता येतं का? यासाठी डीटीपीए स्कॅन करतात, कोणती किडनी किती टक्के काम करते ते कळतं. वहिनींची उजवी ४६ टक्के होती. ती १० टक्क्यांवर असती तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करा, असं मीही म्हटलं नसतं.

कुठल्या परिस्थितीत अख्खी काढाल? याचं सरळ उत्तर देणारा सर्जन निवडा. आमचे सर म्हणाले, "जीभ शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटली असेल, गाठ किडनीच्या दारातल्या सगळ्या वाहिन्या धरून बसली असेल, किंवा फ्रोझनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासतात तेव्हा, कॅन्सर म्हणाले, तर काढेन. तुम्हाला बाहेर येऊन सांगेन, पण तिथे चर्चा करायला वेळ नसेल." संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पूर्ण किडनी काढणे' ही ओळ असतेच. ती वाचून दादाचा हात थबकला. सही करा. ती ओळ सर्जनचे हात मोकळे ठेवते.

रोबोट की उघडं? अनुभवी हातांत दोन्हीने होतं. मोठ्या शिरेत टोक असलेल्या गाठीला आमच्या सरांनी उघडंच निवडलं, बरगडीखाली आडवा छेद. टाके मोठे येतात, पण बोटांनी शीर धरता येते.

पैशाचं: पॅकेजमध्ये आयसीयू, रक्त, फ्रोझन सेक्शन, बायोप्सी, टाक्यांचं सामान धरलंय का ते लिहून घ्या. मेडिक्लेम असेल तर पहिल्या सोनोग्राफीची तारीख जपून ठेवा, कंपनी 'आधीपासून होतं का' हा प्रश्न हमखास काढते. जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं; रेशनकार्ड, आधार घेऊन दाखल व्हायच्या आधीच तिथे जा.

आधीचे पंधरा दिवस

जुन्या सीटीवर ऑपरेशन होऊ देऊ नका. टोक पुढे सरकलेलं असू शकतं. दोन-तीन आठवड्यांच्या आतला सीटी किंवा एमआरआय हवा. वहिनींचं टोक तिथेच होतं, पण दुसऱ्या सीटीत किडनीला दोन रोहिण्या असल्याचं स्पष्ट झालं. (शाळेत शिकलेलं आठवा: हृदयाकडून येणारी रोहिणी, हृदयाकडे जाणारी नीला.) एकच समजून एक बंद केली असती तर दुसरीतून रक्त येतच राहिलं असतं. नंतरच्या त्या सीटीचे पैसे गेले म्हणून दादा कुरकुरत होता, हे ऐकल्यावर गप्प झाला.

रक्ताच्या चार पिशव्या जुळवून ठेवायला सांगितल्या. गावाकडून रक्तदाते आणायचे असतील तर आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी आणा. आमच्या चौघांपैकी एकाचं हिमोग्लोबिन कमी निघालं, एकाने महिन्यापूर्वीच दान केलं होतं. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र आधीच विकत आणा आणि घरीच सवय करा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात दिलं तर दुखण्यापायी कुणी वापरत नाही. आणि बरेच जण ते फुंकतात. ते ओढायचं असतं, श्वास आत घेऊन.

दाराच्या आत

नातेवाइकांना बाहेर पाच तास काढावे लागतात आणि आत काय चाललंय याची कल्पना नसते. म्हणून हे जरा सविस्तर सांगते. वहिनींच्या ऑपरेशनला मी हात धुतले नाहीत. घरच्या माणसाच्या टेबलाला उभं राहायचं नाही, हा माझा नियम. पण भिंतीला टेकून बघत होते.

आदल्या रात्रीचं एक काम मात्र मी केलं: बर्फ. निर्जंतुक सलाईनच्या पिशव्या डीप फ्रीजरमध्ये लावून ठेवायच्या, सकाळी दुहेरी वेष्टणातच लाकडी हातोडीने कुटायच्या. बारीक, ओलसर, बर्फाच्या गोळ्यासारखा कीस झाला पाहिजे. खडे राहिले तर किडनीला टोचतात. या कामाला कुणी भाव देत नाही, पण उघड्या ऑपरेशनमध्ये किडनी वाचते ती निम्मी या किसावर. रक्तपुरवठा बंद केल्यावर उबदार किडनी २५-३० मिनिटांपर्यंत बरी तग धरते, त्यापुढे तिचं नुकसान वाढत जातं. गार केलेली त्याहून बरीच जास्त वेळ थांबते.

भूल दिल्यावर भूलतज्ज्ञांनी घशातून अन्ननलिकेत एक नळी सोडली, तिच्या टोकाशी सोनोग्राफी असते. त्यावर हृदयाचे कप्पे दिसत राहतात. तुकडा सुटून तिकडे गेलाच तर लगेच कळावं म्हणून.

पोट उघडलं की पहिली शिस्त ही, की गाठीला हात लावायचा नाही. नवशिका माणूस आधी गाठ मोकळी करायला जातो आणि दाबाने टोक तोडून बसतो. आधी वाहिन्या. दोन्ही रोहिण्यांना लाल रबरी दोऱ्या, किडनीच्या नीलेला निळी. मग मोठी शीर टोकाच्या वर आणि खाली मोकळी करून तिलाही दोऱ्या. डाव्या किडनीच्या शिरेलाही एक. या नुसत्या मांडणीत दीड तास गेला. बाहेर दादाला वाटत होतं, आतापर्यंत गाठ निघाली असेल.

नंतरचं सगळं घड्याळावर. "क्लॅम्प," सर म्हणाले आणि फिरत्या सिस्टरने फळ्यावर वेळ लिहिली. आधी रोहिण्या बंद, नंतर नीला. उलट केलं तर किडनी रक्ताने फुगते. मोठ्या शिरेला, जीभ आत राहील आणि बाजूने रक्त वाहत राहील अशा बेताने, सॅटिन्स्की नावाचा वाकडा चिमटा. किडनीभोवती बर्फाचा कीस भरला आणि दहा मिनिटं सगळे नुसते उभे. त्या दहा मिनिटांत थिएटरात जी शांतता असते ती मला १९ वर्षांत सवयीची झालेली नाही.

शिरेच्या तोंडाशी छोटा छेद दिला. आणि ती जीभ आली. थंडीच्या दिवसांत बरणीच्या कडेला गाईचं तूप गोठतं ना, पिवळं, गुळगुळीत, तशी बोटभर कांडी. कुठे चिकटलेली नव्हती. सरांनी ओढली नाही, तोडली नाही; चिमट्याने तशीच धरून ठेवली आणि गाठ किडनीपासून वेगळी करत मागे गेले, म्हणजे गाठ आणि जीभ एका तुकड्यात निघाली. चांगली किडनी लालसर तपकिरी, गाठ पिवळी, मधली रेघ डोळ्याला दिसते. एक पातळ चकती लगेच फ्रोझनला गेली. शीर हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सलाईनने धुतली, ५-० च्या प्रोलीनने शिवली, केसासारखा निळा धागा. शेवटची गाठ मारायच्या आधी थोडं रक्त बाहेर येऊ दिलं, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. किडनीला दोन थर टाके: आतल्या थरात उघड्या पडलेल्या वाहिन्या आणि लघवीची पोकळी बंद, बाहेरच्या थरात दोन्ही कडा जवळ. गोधडीला आधी अस्तर, मग वरचे टाके, तसं.

चिमटे सोडताना उलटा क्रम. आधी नीला, मग रोहिण्या. फळ्यावर ३६ मिनिटं. राखाडी पडलेली किडनी सात-आठ सेकंदांत गुलाबी होत गेली, कडेने मध्याकडे. मग लघवीच्या पिशवीत नळीतून थेंब उतरताना दिसले. मी बाहेर येऊन दादाला एवढंच सांगितलं, "किडनी जागेवर आहे." तो भिंतीशी खालीच बसला.

घरी जाईपर्यंत आणि गेल्यावर

पहिले दोन दिवस लघवीचा रंग फिकट लाल असतो, घाबरू नका. गडद लाल, गुठळ्या किंवा पिशवी रिकामी राहिली तर सिस्टरला बोलवा, लाजू नका. पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून पाणी वाढत गेलं तर त्यातलं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून लघवीत टाकते तो कचरा) तपासतात, लघवी गळते आहे का ते कळतं. दुसऱ्या दिवशी चालवतात. दुखतं. तरी चाला, पायातल्या शिरांत खरी गुठळी होऊ नये म्हणून. वहिनींचं क्रिएटिनिन आधी ०.८ होतं, दुसऱ्या दिवशी १.२ झालं. त्यावरून दादाची पुन्हा झोप उडाली. बर्फातून उठलेली किडनी आहे, तिला दम घेऊ द्या. सहाव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा ते १.० होतं.

ज्याबद्दल डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ असते, ते मी मोठ्याने सांगते: टाके भरत आले, बरं वाटायला लागलं, आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी अचानक लघवी लालभडक झाली, तर ते साधं नाही. कापलेल्या जागी वाहिनीचा फुगा होऊन तो फुटतो. तारेने तो बंद करता येतो, पुन्हा पोट उघडावं लागत नाही बहुतेक वेळा. पण वेळेवर पोचायला हवं. म्हणून आम्ही वहिनींना तीन आठवडे पुण्यातच ठेवलं, एसटीच्या धक्क्यांपासूनही लांब.

दुखलं तर पॅरासिटामॉल. दुकानातून आणलेल्या कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅकने किडनीला इजा होते, त्या घरातून काढूनच टाका. सहा आठवडे कळशी, सिलिंडर, पोतं, नातवंड, काहीही उचलायचं नाही. पाचव्या आठवड्यात मी व्हिडिओ कॉल केला तर वहिनी नळावर, हातात भरलेली कळशी. "अर्धीच आहे, वन्सं," म्हणाल्या. कळशी काठोकाठ होती.

बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. त्यात 'एचएमबी-४५ पॉझिटिव्ह' दिसलं तर पॉझिटिव्ह या शब्दाने दचकू नका. ही एएमएलची ओळखखूण आहे. बघायचं ते 'एपिथेलॉइड' हा शब्द आहे का, किती टक्के आहे, आणि कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का. गाठीच्या तुकड्यांचे मेणातले ब्लॉक आणि काचा पॅथॉलॉजीकडून मागता येतात. पुढे कधी शंका आली तर त्या लागतात.

क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन महिन्याने, मग तीन महिन्यांनी. सहा महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय, शिरेत काही उरलंय का आणि किडनीचा उरलेला भाग भरलाय का ते बघायला. वहिनींचा तीन महिन्यांचा आकडा ०.९ आला. पुढचा सीटी पोळ्यानंतर आहे. फाईल, दोन्ही सीड्या आणि बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या कपाटात आहे, कारण दादाने पहिली सोनोग्राफी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली होती आणि वासराने तिचा कोपरा खाल्ला आहे.